पाहुण्यासाठी उपसलेली विहीर

गाडीने जळगाव सोडलं तेव्हा मला काळजी लागली होती आणि ती सुरतपर्यंत काही सुटली नाही. खरं तर बडोद्याची वाट मला नवी नाही. दर मे महिन्यात लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात तेव्हा मी भर उन्हात बडोद्याला विहिरी मोजायला जातो. आमच्या सौ. सुनंदाबाईंच्या मते माझ्यासारखा करंटा नवरा अख्ख्या खानदेशात नसेल. एरवी ती हे हसून म्हणते. या खेपेला मात्र पिशवीत दशम्या ठेवताना ती एवढंच म्हणाली, "नीट होऊ दे हो सगळं."

काय नीट व्हायचं होतं ते सांगतो. मी भूजलाचा माणूस, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यासक. बडोद्याला संशोधक विद्यार्थी असताना शहराच्या दक्षिणेकडच्या विहिरी मोजायला लागलो आणि नोकरी जळगावला लागली तरी ती सवय सुटली नाही. आमच्या धंद्यात एक वर्ष राबावं तेव्हा आलेखावर एक ठिपका पडतो. शेजारच्या प्रयोगशाळेतले लोक वर्षात चार-चार शोधनिबंध छापतात आणि मी चार ठिपके जमेपर्यंत केस पिकवतो. त्यामुळे माझी प्रकाशनांची यादी एका पानात आटोपते. आता प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखत होती, वयाच्या अटीमुळे ती माझी शेवटचीच होती, आणि यादीला वजन येण्यासाठी एक मोठा निबंध हवा होता. तो निबंध लिहून झाला होता. पादरा रस्त्यावरच्या एका विहिरीचं पाणी गेल्या काही वर्षांत झपाट्याने खारट होत चाललं आहे, म्हणजे समुद्राकडचं खारं पाणी जमिनीखालून शहराच्या दिशेने सरकतं आहे, असं मी त्यात मांडलं होतं. नियतकालिकाच्या परीक्षकाने निबंध वाचून एकच अट घातली होती. या उन्हाळ्यात त्या विहिरीचं पाणी पुन्हा तपासा. आकडा तसाच चढता आला तर निबंध स्वीकारू.

तेव्हा पाणी खारट निघू दे, एवढीच माझी प्रार्थना होती. दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी नासावं म्हणून देवाला साकडं घालणारा माणूस मी गाडीत दुसरा पाहिला नाही.

नंदुरबार मागे पडलं आणि नवापूर आलं. या स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. एरवी मी सहप्रवाशांना हे कौतुकाने दाखवतो, पण त्या दिवशी माझं लक्ष मांडीवरच्या पेटीकडे होतं. पेटीत पाण्याचा खारटपणा मोजणारं मीटर होतं. ते बंद पडलं तर? मी झाकण उघडलं, मीटर सुरू करून पाहिलं, बंद केलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पिशवीत प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्याही होत्या. समोरच्या बाकावर सुरतेला निघालेल्या एक मावशी होत्या. त्यांनी बराच वेळ हा खेळ पाहिला आणि अखेर विचारलं, "आ शुं छे, भाई? दवा वेचो छो?" (हे काय आहे? औषध विकता का?)

"नाही मावशी, पाणी भरायला बाटल्या आहेत."

"पाणी तर आ रह्युं," (पाणी तर हे घ्या) म्हणत त्यांनी आपला तांब्या पुढे केला. मी तहानेने कासावीस झालो आहे, असं त्यांना वाटलं असावं. मी मुकाट्याने ते पाणी प्यालो. जरासं मचूळ होतं. लगेच मनात आलं, हे कुठल्या विहिरीचं असेल? विचारलं मात्र नाही.

सुरतेला गाडी बदलायची होती. ऐन वेळी फलाट बदलला आणि पेटी छातीशी धरून मी जिन्यावरून धावत सुटलो. एका हमालाचा धक्का लागला, पेटी जिन्याच्या कठड्यावर आपटली, आणि पुढच्या गाडीत जागा मिळेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. मीटर सुरू झालं. पण सुरू होणं वेगळं आणि बरोबर दाखवणं वेगळं. ते तपासायला बरोबर आणलेल्या द्रावणाची बाटली काढली तर तिचं बूच सैल होऊन अर्धं द्रावण रुमालात मुरलेलं. उरलेल्या अर्ध्यात मीटर बुडवलं. आकडा बरोबर आला. भरूचला नर्मदेचा पूल आला तेव्हा कुठे मी खिडकीबाहेर पाहिलं. उन्हाळ्यातली नर्मदा, मधे वाळूचे पट्टे, दूरवर एक होडी. भरूचला खारी सिंग (खारे शेंगदाणे) घेतली आणि दशम्यांबरोबर ती खाल्ली. दिवसभरातला पहिला घास मला तेव्हा गोड लागला.

बडोद्याला रात्र स्थानकाजवळच्या लॉजवर काढली आणि सकाळी सेव-उसळ खायला बाहेर पडलो. वाटाण्याच्या झणझणीत रश्श्यावर मूठभर शेव, वर पातीचा कांदा आणि लसणाची लाल चटणी. विद्यार्थीदशेत मी यावरच जगलो. दुकानदार आता म्हातारा झाला आहे, पण ओळखतो. "शुं साहेब, पाणीवाळा? आ वर्षे पाणी केवुं?" (यंदा पाणी कसं आहे?) त्याला वाटतं मी पाणीपुरवठा खात्यात आहे. इतक्या वर्षांत मी त्याचा गैरसमज दूर केलेला नाही, कारण भूजलाचा अभ्यास करतो असं सांगितलं की लोक हमखास बोअर कुठे मारू ते विचारतात.

रिक्षा प्रतापनगरवरून घेतली. रेल्वेच्या कारखान्याची पाळी सुरू व्हायची वेळ होती आणि सायकली-स्कूटरींची रांग लागली होती. इथल्या क्वार्टर्सच्या मागे एक सुरेख विहीर होती. माझ्या पहिल्या निबंधात तिचे ठिपके आहेत. आता तिच्यावर स्लॅब आहे आणि स्लॅबवर दुचाक्या लावतात. पुढच्या नाक्यावरची दुसरी तर बुजवूनच टाकली. एकेक करून माझ्या साऱ्या विहिरी अशा गेल्या. राहिली ती पादरा रस्त्यावरची, आप्पांची. माझा सगळा निबंध तिच्या एकटीच्या जिवावर उभा होता. एकाच खांबावर मांडव घातला की रात्री झोप कशी लागत नाही, ते मला विचारा.

आप्पा जाधव मूळचे साताऱ्याकडचे. प्रतापनगरच्या कारखान्यात फिटर म्हणून आले, उभा जन्म क्वार्टरमध्ये काढला आणि निवृत्त झाल्यावर पादरा रस्त्याला जुन्या शेताच्या तुकड्यावर त्यांनी टेनामेंट (अंगण असलेलं बैठं घर) बांधलं. शेताची विहीर तेवढी अंगणात आली. घरी आप्पा, काकू, मुलगा निलेश आणि त्याचं कुटुंब असतं. निलेश कोयलीच्या तेल रिफायनरीत कामाला आहे, त्याची पाळी असली की भेट होत नाही. सून त्या दिवशी मुलीला घेऊन माहेरी गेली होती. पहिल्यांदा मी त्यांच्या दारात विहीर मोजायला परवानगी मागत उभा राहिलो, तेव्हापासून मी या घरचा मे महिन्यातला पाहुणा आहे.

"या या, चौधरीसाहेब! केम, मजामां ने?" आप्पांनी ओट्यावरूनच हाक दिली. "प्रवासात तकलीफ तर नाही झाली?"

"नाही आप्पा. विहिरीला पाणी आहे ना?"

"अहो, बसा तर शांतीने. अग, साहेबांना छास दे." मग डोळे बारीक करून, गुपित फोडावं तसे ते म्हणाले, "यंदा तुम्ही खूश होणार. पाहुणा यायचा म्हणून विहीर उपसून घेतली. गाळ काढला, भिंती घासल्या, वर ब्लीचिंग टाकलं. बघा कशी आरशासारखी झालीये ते."

हातातला ताकाचा पेला मी खाली ठेवला. पाहुणा येणार म्हणून घर सारवतात, पडदे धुतात. या माउलींनी पाहुण्यासाठी विहीर धुतली होती. ब्लीचिंग पडलेल्या विहिरीचं पाणी परीक्षकाला पाठवणं म्हणजे रंग फासून आणलेल्या माणसाचा वर्ण सांगण्यासारखं होतं. मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "कधी टाकलं, आप्पा?"

"अखात्रीजला. मुहूर्त चांगला ने."

अखात्रीज म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशातली आखाजी. ती होऊन बरेच दिवस झाले होते. "त्यानंतर पंप चालतो?"

"रोज चालतो. झाडं, धुणीभांडी, सगळं यावरच. पिण्याचं तेवढं नळाचं."

मग आशा होती. रोज उपसा झाला म्हणजे ब्लीचिंग निघून गेलं असणार, आणि आता विहिरीत उभं असलेलं पाणी जमिनीतून आलेलं ताजं पाणी असणार. तरी खात्रीसाठी मी पंप सुरू करून बराच वेळ पाणी झाडांना सोडायला लावलं. चिकू-पपईची चंगळ झाली. क्लोरीन तपासायची पट्टी बुडवली, तिला रंग आला नाही. मग दोरीला बांधलेली बाटली खाली सोडली, त्याच पाण्याने दोनदा विसळली आणि तिसऱ्यांदा भरून वर घेतली. मीटर पाण्यात घातलं. काकू पदराने घाम पुसत विहिरीच्या काठाशी उभ्या होत्या. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बायका उभ्या असतात तशा.

आकडा चढत गेला, अडखळला आणि थांबला. गेल्या वर्षीपेक्षा जास्त होता. माझ्या आलेखावरची रेघ जिथे जायला हवी होती तिथेच.

मी बाटली पुन्हा भरली, पुन्हा मोजलं. तेच. "आलं!" मी ओरडलो. मला काय झालं ते आप्पांना कळलं नाही, पण त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "चांगलं आलं ना?" "फार चांगलं, आप्पा!" खारट पाणी चांगलं कसं, हे त्यांनी विचारलं नाही. मी तिथूनच सुनंदाला फोन लावला. ती म्हणाली, "आता तरी पोटभर जेवा."

आणि मी जेवायला बसलो. केसर आंब्याचा रस, पुऱ्या, खांडवी (सुरळीच्या वड्या), कैरीचं लोणचं. काकू साताऱ्याच्या, पण इतक्या वर्षांत त्यांच्या आमटीत गूळ कायमचा मुक्कामाला आला आहे. तरी त्या दिवशी मी ती दोनदा मागून घेतली. कितीतरी महिन्यांनी जेवणाची चव कळत होती. मुलाखतीला कुठला सदरा घालायचा इथपर्यंत माझं मन पोचलं होतं.

"ते गाळवाल्यांचं सांगितलंत का साहेबांना?" काकूंनी पुरी वाढता वाढता आप्पांना विचारलं.

"हां, ते राहिलंच. अहो, ती माणसं तळाला उतरली ने, तर खालून ओरडायला लागली, काका, तुमच्या बोअरच्या पाइपावर झाकण नाही, गाळ आत जाईल. मी म्हटलं, लावून टाका जाळी. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगितलं."

पुरीचा तुकडा माझ्या हातातच राहिला. "कसला बोअर?"

"आपलाच. विहिरीच्या तळाशी मारलाय तो. निलेशने मारून घेतला. त्या उन्हाळ्यात विहिरीने तळ दाखवला होता ने, पार चिखल. मशीनवाला म्हणाला, अजून खोल जाऊ या. गेला बापडा खूप खोल, मग लागलं पाणी. जरा खारं आहे, पण झाडं जगतात."

"कधी मारला?"

"झाली की वर्षं. कधी ग?"

काकू म्हणाल्या, "परीच्या बारशाच्या आधी. पाहुण्यांना पाणी पुरायला हवं म्हणून तर घाईने मारला."

परी त्यांची नात. तिच्या बारशाचे पेढे मी त्यांच्याकडे जातीने खाल्ले होते, आणि त्याच उन्हाळ्यापासून माझी रेघ वर वळली होती. हे मला पाठ होतं. ती रेघ इतक्यांदा पाहिली होती की डोळे मिटले तरी दिसायची.

भूजल न शिकलेल्या माणसालाही हे समजेल. त्या भागात खाली, फार खोल, पूर्वीपासूनच खारं पाणी आहे आणि वर गोडं. दोघांच्या मधे चिकणमातीचा जाड थर आहे. निलेशच्या बोअरने तो थर भेदला आणि खालचं खारं पाणी विहिरीत आणलं. समुद्र कुठूनही सरकत आला नव्हता. घरात बारसं होतं म्हणून पाणी खारट झालं होतं. आणि मी पाइप कधी पाहिला नाही, कारण माझ्या भेटीच्या वेळी तो नेहमी पाण्याखाली असायचा. कोणी सांगितलं नाही, कारण विहिरीत बोअर असणं या लोकांना घरात माळा असण्याइतकं साधं वाटतं. माळा आहे असं पाहुण्याला कोण सांगतं?

जेवण संपवून मी पुन्हा विहिरीपाशी गेलो. वाकून पाहिलं. पाणी होतं, स्वच्छ, हिरवट. पाइप दिसत नव्हता. घरची माणसं, मशीनवाला आणि गाळवाले सोडले तर तो तिथे आहे हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. परीक्षकाने पाणी तपासायला सांगितलं होतं, मी तपासलं होतं. आकडा खरा होता. बाटली खरी होती. मी कुठेही खोटी सही करणार नव्हतो. फक्त जेवताना कानावर आलेलं एक वाक्य लिहायचं नव्हतं.

निघताना काकूंनी लीलो चेवडो (बडोद्याचा ओला, आंबटगोड चिवडा) बांधून दिला. आप्पा रिक्षापर्यंत आले. "मग, काम फत्ते ने?" मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते माझं मलाच कळलं नाही.

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली होती, पण नर्मदा कधी गेली ते आठवत नाही. बाटली पेटीत होती आणि मी तिच्याशी भांडत होतो. एक मन म्हणायचं, तुझ्याहून चलाख लोक याहून तकलादू पुराव्यावर मोठे झाले आहेत. दुसरं म्हणायचं, उद्या हा निबंध वाचून कोणी पादऱ्याच्या शेतकऱ्यांना सांगितलं, तुमच्या विहिरी नासणार, जमिनी काढून टाका, तर? पण खरं सांगतो, निकाल शेतकऱ्यांच्या कळवळ्याने लागला नाही. मी जात्याच घाबरट. कोणी तरी एक दिवस त्या विहिरीत डोकावेल आणि पाइप दिसेल, या भीतीने मला मरेपर्यंत झोप लागली नसती. लबाडी करायलाही छाती लागते. ती माझ्याकडे नाही. व्यारा स्थानक यायच्या आत माझं ठरलं होतं, आणि ठरल्यावर मी डबाभर लोकांसमोर रुमालात तोंड खुपसून रडलो.

घरी आल्यावर संपादकांना कळवलं की विहिरीत खोल बोअर असल्याचं आढळलं, सबब निष्कर्ष टिकत नाही, निबंध मागे घेतो. सुनंदाने माझ्या खांद्यावरून ते वाचलं. चहा ठेवला आणि साखर घालायला विसरली. मुलाखत झाली. समितीतल्या एकाने यादीकडे बघून विचारलं, "अर्जात उल्लेख केलेला निबंध कुठे आहे?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी "प्रामाणिकपणा स्तुत्य आहे" असं म्हटलं आणि दुसऱ्याला घेतलं.

पावसाळा लागल्यावर आप्पांचा फोन आला. "साहेब, आमच्या विहिरीचं छापून आलं का? सोसायटीत सगळे विचारतात."

मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. मग राहवेना, आणि सगळं सांगून टाकलं. बोअर, खारं पाणी, निबंध, नोकरी.

"म्हणजे आमच्या बोअरमुळे झालं?"

"तसं नाही, आप्पा. मीच पाहायला हवं होतं."

"अरेरे." त्यांनी काकूंना काहीतरी विचारलेलं ऐकू आलं. मग घसा खाकरून, गाळ काढण्याइतक्याच साधेपणाने ते म्हणाले, "त्यात काय एवढं? सिमेंट ओतून बोअर बुजवून टाकतो. निलेशशी बोलतो संध्याकाळी. उन्हाळ्यात टँकर मागवू आम्ही. मग पुढच्या मे महिन्यात या, पाणी गोड निघेल, तेव्हा लिहा निबंध. चालेल ने?"

"नको!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की सुनंदा स्वयंपाकघरातून धावत आली. "आप्पा, हात लावू नका बोअरला. तुमचा उन्हाळा निघतो त्याच्यावर."

"तो काय, निघेल कसाही. तुमचं एवढं शिक्षण वाया जातंय ते बघा."

इतकी वर्षं मी त्या घरातून बाटल्या भरून पाणी नेत होतो, आणि ती माणसं माझ्या एका कागदासाठी स्वतःचं पाणी बंद करायला निघाली होती. बोअर बुजवणार नाही असं मी त्यांच्याकडून शपथेवर कबूल करून घेतलं, तेव्हाच फोन ठेवला.